तिसऱ्या रांगेतलं हसू

गोरेगाव (पूर्व),
३ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझं सगळं फिरलं. वेळ एवढी नक्की सांगतोय कारण मालाडच्या त्या कॅफेत स्टेजच्या मागेच घड्याळ होतं आणि मला दुसरीकडे कुठे बघवत नव्हतं. अनिरुद्धने माइक हातात घेतला आणि म्हणाला की माझ्या एका मित्राचे वडील मरून पोट भरायचे. लोक हसले.

मग त्याने सगळंच सांगितलं. की ते सिरियलमध्ये प्रेत व्हायचे, अकरा वर्षांत दोनशेच्या वर वेळा मेले, कधी विष, कधी ट्रक, कधी सुनेने जिन्यावरून ढकललं. की कॅमेरा तोंडावर असला की हळूच डाव्या पायाचा अंगठा हलवायचे, कोपऱ्यात उभ्या पोरांना कळावं म्हणून, की मी आहे रे. आणि मग खरंच गेले. घरात पांढऱ्या चादरीखाली ठेवलं होतं, त्रिसरण चालू होतं, पंख्याच्या वाऱ्याने अंगठ्यावरची चादर हलली आणि सोळा वर्षांचा मुलगा टाळ्या वाजवून हसायला लागला.

हे जगात कोणाला माहीत होतं ताई? तुला, आईला, मामांना, त्या दिवशी खोलीत होते त्या चार शेजाऱ्यांना. आणि शर्मिष्ठाला. तिला मीच सांगितलं, मागच्या वर्षी गोराईच्या बोटीत. काल ती स्टेजच्या बाजूला वही घेऊन बसली होती, आणि लोक जिथे हसले तिथे टिक करत होती.

बाहेर तिला गाठलं. ती शांतपणे म्हणाली की आता ती अनिरुद्धसाठी लिहिते, आणि त्याच्यासोबतच आहे. म्हणाली की एवढं भारी मटेरियल तुझ्याकडे नुसतं पडून होतं, आणि नाव कुठे घेतलंय त्याने तुझं. तिथून मी सरळ गोराईला गेलो, बोटीत चढलो आणि फोन खाडीत फेकला. म्हणून हे पत्र.

अनिरुद्ध माझ्याच बाकावरचा. कॉलेज मी अर्ध्यावर सोडलं तेव्हा तू विचारलं होतंस की हसण्याच्या धंद्यात पेन्शन असते का. त्याला राजाराममामांकडे मीच नेलं, प्रेक्षक म्हणून बसवलं. माणसं कुठे हसतात हे तो माझ्या शेजारी बसून शिकला.

आता खरी गोष्ट. चॅनेलच्या विनोदाच्या स्पर्धेत त्याची निवड झालीय. शूटिंग आमच्याच स्टुडिओत. प्रेक्षक मामांचे, रोजावर आणून बसवलेले. आणि तुला माहीतच आहे, तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरा मी बसतो, पहिला हसणारा. मी सुरू केल्याशिवाय ऐंशी माणसांतलं एकही हसत नाही. निम्म्यांचं लक्ष स्टेजकडे नसतंच, माझ्या खांद्यांकडे असतं. तो माझ्या मैदानात येतोय ताई. बोट न लावता आडवा करतो की नाही बघ.

आईला यातलं काही सांगू नकोस. तिचे गुडघे कसे आहेत? भाऊजींना जयभीम. लोभ आहेच, तो राहू दे. उपदेश मात्र पाकिटात मावेल एवढाच धाड.

तुझा,
प्रितम


मुलुंड,
७ नोव्हेंबर २०२५

चि. प्रितम यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र काल मिळालं. फोन खाडीत टाकलास हे ऐकून तुझे भाऊजी म्हणाले की निदान मागोमाग उडी नाही मारली. महिनाभर नवीन फोन घेऊ नकोस. फोनवर तू आधी ओरडतोस आणि मग विचार करतोस. पत्राचं बरं असतं, पाकीट शोधा, तिकीट लावा, पेटीपर्यंत चाला, तोवर निम्मी शिवी उतरते. इथे येऊन तमाशा करण्यापेक्षाही हेच बरं. मागच्या वेळी कप फोडलास तो सेटमधला होता.

मी बरी आहे. कारखान्यात दिवाळीनंतरचा माल सुरू झालाय. आज चाळीस उदबत्त्या हुंगल्या. मध्ये मध्ये कॉफीचे दाणे हुंगायला देतात, नाक कोरं करायला. पप्पा मरायचे, तू हसतोस, मी वास घेते. आपल्या घरात सरळ नोकरी कोणी केली रे?

कॅफेतलं वाचून मी पत्र चुरगाळलं आणि परत सरळ केलं, हे आधी सांगते. राग आलाय. पण तू एकटा नाहीस तिथे. ऐंशी माणसं मामांच्या शब्दावर येतात. तिथल्या आपल्या शेजारच्या शकुमावशीचंच बघ. दुःखाच्या कार्यक्रमात तिला रडायला बसवतात आणि विनोदाच्या कार्यक्रमात हसायला, त्यावर तिचं घर चालतं. तुझ्या भांडणात तिचा पाट का ओढतोस? कॅफेत वीस जणांनी ऐकलं, विसरतील. सोडून दे.

आणि एक, चिडू नकोस. तुझं सगळं पत्र किडेमकोडे आहेत, फक्त शर्मिष्ठाचं नाव तेवढं वळणदार अक्षरात आहे. खरा राग कोणावर आहे ते आधी ठरव.

आई मजेत आहे. दिवसभर टीव्ही. जेवत जा. तू ऐकणार नाहीस हे ठाऊक असूनही लोभ कमी न करणारी,

तुझी ताई,
संघमित्रा


गोरेगाव (पूर्व),
१४ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

केलं. परवा बुधवारी केलं आणि अजून अंगात झिणझिण्या आहेत.

सकाळी दहाला नेहमीसारखं मोकळ्या स्टेजकडे बघून हसून घेतलं, अर्धा तास, तीन प्रकारांत. मग चहा, मग वाट बघणं. अनिरुद्धचा नंबर दुपारी तीनला. मी प्रेक्षकांतल्या बायकांना आधीच सांगून ठेवलं होतं की या मुलाच्या वेळी माझे खांदे हलणार नाहीत, तर तुम्हीही गप्प. शकुमावशीने कारण विचारलं. मी म्हटलं, वरून ऑर्डर आहे. थोडं खोटं बोललो, चालतं.

आला. नवा जोधपुरी, केसांना जेल. सुरुवात केली, मित्राचे वडील मरून पोट भरायचे. गप्प. विष, ट्रक, जिना. गप्प. ऐंशी माणसं गप्प बसली ना, की एसीची घरघर ऐकू येते यार. त्याचा वरचा ओठ घामाने चमकायला लागला. चादर, अंगठा, टाळ्या. काही नाही. परीक्षक नुसते मान हलवत होते, दवाखान्यात रिपोर्ट ऐकताना हलवतात तशी. त्याने पाणी मागितलं. पाणी पिताना मला शोधलं त्याने, आणि मी त्याच्याकडे अगदी शांत बघितलं. वाट लागली त्याची.

शर्मिष्ठा पडद्याच्या कडेला उभी होती. त्याच्या प्रत्येक वाक्याबरोबर तिचे ओठ हलत होते. नंतर ती माझ्यासमोरून गेली, थांबली नाही. मामांना आतल्या माणसाने झापलं. मामांनी सांगितलं की सकाळपासून बसून माणसं थकलीत. मग माझ्याकडे वळून बघितलं.

तू म्हणालीस सोडून दे. सोडलं असतं तर मी रोज तिथे बसून हसलो कसा असतो ताई? आता हसेन. संध्याकाळी शकुमावशीने भाकरी आणि सुकट दिली, तीन भाकऱ्या खाल्ल्या. झकास.

येत्या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी दाखवणार आहेत. बघ, आणि त्याचा घाम मोज. जिंकलेल्या भावावर थोडा जास्त लोभ असावा.

तुझा,
प्रितम


मुलुंड,
२४ नोव्हेंबर २०२५

चि. प्रितम यास,
आशीर्वाद.

शनिवारी बघितलं. तू लिहिलं होतंस की सगळे गप्प होते. मग हे काय रे?

तो चादर म्हणाला, अंगठा म्हणाला, आणि पडद्यावर तू. तोंड उघडं टाकून, मांडीवर थाप मारत, डोळे पुसत हसतोयस. एकदा नाही, तीन वेळा. बाकीचे सगळे पण हसतायत, पण सगळ्यात मोठा चेहरा तुझा. परीक्षकांनी त्याला उभं राहून टाळ्या दिल्या.

आईला मी सांगितलं नव्हतं, पण टीव्ही तिचाच. तू दिसल्याबरोबर तिने शेजारच्या रेवतीकाकूंना हाक मारली, आमचा प्रितम बघा म्हणून. त्या दारात येईपर्यंत आईला कळलं होतं तो कोणाबद्दल बोलतोय. रेवतीकाकू हसत म्हणाल्या की किती छान हसतो हो तुमचा मुलगा.

आईने टीव्ही बंद केला. मग मला विचारलं की त्याला हसायला सांगितलं होतं ना. मी हो म्हटलं. जेवताना परत तेच विचारलं. मी परत हो म्हटलं. काल सकाळी चहा गाळताना, माझ्याकडे न बघता, तिसऱ्यांदा.

काय झालं ते मला लिही. आईला काय सांगायचं तेही लिही.

ताई


गोरेगाव (पूर्व),
२८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. संघमित्रा हिस,
राजाराममामाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि तुम्ही दोघं हल्ली पत्रं लिहिता असं कळलं, म्हणून मीही पेन उचललं. शेवटचं पत्र तुझ्या वडिलांना लिहिलं होतं, नोकरी बघा म्हणून. अक्षराला हसू नकोस.

प्रितम तुला उत्तर देणार नाही. तुझं पत्र आलं तसा दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडला होता. म्हणून मी सांगतो. आमच्याकडे सकाळीच हसून घेतात, कलाकार यायच्या आधी. मोकळ्या स्टेजकडे बघायचं आणि हसायचं. मग आतले लोक ते कापून हवं तिथे चिकटवतात. सहा वर्षं हेच काम करतोय हा गाढव. त्या दिवशीही सकाळी सगळ्यात जोरात हसून दिलं आणि दुपारी गप्प बसून सूड घेतला! रागाच्या भरात स्वतःचा धंदाच विसरला. मला रडावं की हसावं कळेना, आणि ती दोन्ही कामं तर आपण रोज करतो.

आता मुद्दा. सात तारखेची फायनल थेट जाणार आहे. संध्याकाळी सातला इथे जे होईल ते त्याच मिनिटाला घराघरात. तिथे कापाकापी नाही, चिकटवाचिकटवी नाही. आणि चॅनेलने त्या पोराला तोच किस्सा वाढवून करायला सांगितलाय, लोकांना फार आवडला म्हणे. प्रितम भिंतीकडून उठलाय, दाढी केलीय, वेळेवर येतोय, कोणाशी भांडत नाही. तो असा शहाण्यासारखा वागायला लागला की मला धडकी भरते.

गडबड झाली तर स्टुडिओचं गेट आपल्याला बंद. ऐंशी माणसं आहेत पोरी. मला या लायनीत तुझ्या बापाने आणलं, मी काय विसरलो नाही. त्या दिवशी खोलीत मीही होतो. प्रितम हसला तेव्हा त्याच्या कानाखाली मारणारा मीच. ते असो.

तो तुझंच ऐकतो. त्याला आवर. जावईबापूंना नमस्कार, ताईच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, गुडघ्याला तिळाचं तेल. म्हाताऱ्या मामावर माया ठेव.

राजाराम


मुलुंड,
१ डिसेंबर २०२५

चि. प्रितम यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

मामांचं पत्र आलं. सगळं कळलं. तुला आवर म्हणून सांगितलंय.

मी आवरणार नाही.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. त्या दिवशी मी पण अंगठ्याकडेच बघत होते. सकाळपासून. लोक पाया पडत होते, भन्ते आले, मी कोणाकडे बघितलं नाही. चादर हलली तेव्हा माझ्याही घशापर्यंत आलं होतं. तू हसलास, मी नाही, एवढाच फरक. तुला मामांची थप्पड बसली आणि मला लोक म्हणाले की पोरगी केवढी धीराची. सहा वर्षं मी ते कौतुक खाल्लंय.

तो अंगठा आपला होता प्रितम. पप्पांनी तो कॅमेऱ्यापासून लपवून फक्त आपल्याला दिला होता. आज त्याच्यावर लोक हसतात आणि आई चहा गाळताना विचारते की माझ्या मुलाला हसायला सांगितलं होतं ना.

आज कामात मी तीन वास चुकले. चंदन की केवडा, सांगता येईना. साहेब म्हणाले सर्दी झाली असेल.

घे सूड. पण मागच्यासारखा नको. मागच्या वेळी तू बायकांना खोटं सांगितलंस. या वेळी सगळ्यांना खरं सांग, मामांनाही. गेट बंद होईल हेही सांग. मग ज्याला हसायचं तो हसू दे. चोरून घेतलेल्या गोष्टीचा सूड आपण चोरून घ्यायचा नाही.

शनिवारी सहा तारखेला आईला घेऊन दादरला अभिवादनाला येतेय. पांढरा शर्ट घाल, तो इस्त्रीचा. तुझ्या बाजूने उभी,

ताई


गोरेगाव (पूर्व),
८ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

वाईट बातमी आधी. मामांचं गेट बंद झालं. आज सकाळी आठला फोन आला, पुढचे तीनही कार्यक्रम दुसऱ्या माणसाला दिले. मामांनी फोन ठेवला, तंबाखू मळली, आणि म्हणाले की शुक्रवारी बोरिवलीला एका लग्नात मुलीकडची माणसं कमी पडतायत, पंचवीस वऱ्हाडी हवेत, नाचता येणारी बघ. मी माफी मागायला गेलो तर म्हणाले की आधी कोट आहे का तुझ्याकडे ते सांग.

काल तू आणि आईने घरून बघितलं असेल. पण टीव्हीवर सगळं दिसत नाही, म्हणून लिहितो.

आई शनिवारी दादरला माझ्याशी एक शब्द बोलली नाही, तू बघितलंसच. पण पूर्ण रांगभर तिने माझ्या शर्टाचं टोक धरून ठेवलं होतं, मी चार वर्षांचा असल्यासारखं. तेव्हाच माझं पक्कं झालं.

रविवारी दुपारी आम्हाला मागच्या शेडमध्ये बसवलं होतं. मी खुर्चीवर उभा राहिलो आणि सांगितलं. की तो चादरीखालचा माणूस माझा बाप आहे, टाळ्या वाजवणारा मुलगा मी आहे, आणि मागच्या वेळी वरून ऑर्डर वगैरे काही नव्हती, मी खोटं बोललो. आज माझे खांदे हलणार नाहीत. तुम्ही हसलात तर माझा राग नाही, आणि नाही हसलात तर उद्यापासून बहुतेक काम नाही. मग शकुमावशी म्हणाली की पप्पांच्या, म्हणजे तिच्या चंद्रप्रकाशभाऊंच्या, छातीवर डोकं आपटून ती एका सिरियलसाठी चार दिवस रडली होती, आणि मधल्या सुट्टीत भाऊ तिला आपल्या डब्यातली चटणी द्यायचे. मागून कोणीतरी विचारलं की जेवण तरी देणार ना आज. मामा दारात उभे राहून ऐकत होते.

सात वाजून चाळीस मिनिटांनी तो आला. मरून पोट भरायचे. शांत. त्याला वाटलं नंतर हसू चिकटवतील, मग त्याला आठवलं की आज नंतर नाही. ते त्याच्या तोंडावर आलेलं मी बघितलं. विष, ट्रक, जिना. म्हणाला की आज पब्लिक जरा जड जेवून आलेलं दिसतंय. शांत.

ताई, त्या किश्श्यातून हसू काढून घेतलं की काय उरतं माहीत आहे? एक बाप मेलाय आणि एक पोरगा त्याच्या अंगठ्याकडे बघत बसलाय. बस. तो ते सगळ्या महाराष्ट्राला सांगत होता आणि मध्येच थांबणंही त्याच्या हातात नव्हतं. चादरीपर्यंत आला तेव्हा त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता, शाळेत धडा वाचतात तसा. शकुमावशी रडायला लागली. नेहमी ती कॅमेऱ्याला दिसेल अशी रडते, मान तिरकी करून. काल मान खाली घालून, पदर तोंडात धरून रडली. तरी कॅमेऱ्याने तिला शोधलंच. मग तिच्या मागची, मग तिच्या बाजूची.

आणि मामा. पहिल्या रांगेच्या टोकाला होते. इतक्या वर्षांची सवय, कार्यक्रम पडायला लागला की त्यांचे हात आपोआप टाळीसाठी उठतात. काल त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते.

अनिरुद्ध चौथा आला. चार जणच होते. मला त्याची दया आली का? नाही. खोटं कशाला लिहू. एक एक सेकंद गोड लागला.

आईला सांग की या वेळी मला कोणीही काही सांगितलं नव्हतं. भाऊजींचा कोट शुक्रवारपर्यंत मिळेल का विचार. तुझा लोभ होता म्हणून हे धड पार पडलं. बेकार भावावरही तो तसाच असू दे.

तुझा,
प्रितम

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, परत फाडलं. एक गोष्ट लिहिली नाही.

त्या शांततेत एक जण हसलं. स्पर्धकांच्या घरच्यांसाठी समोर खुर्च्या असतात, तिथून. शर्मिष्ठा. आधी छोटं, मग मोठं, बरोबर अंगठ्याच्या जागी. ऐंशी गप्प माणसांत ती एकटी हसत होती, त्याला वाचवायला. गोराईच्या बोटीत मी तिला ही जागा सांगितली तेव्हा तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगडीचा वळ दोन दिवस होता. काल त्याच जागी हसताना ती मागे वळली आणि तिसऱ्या रांगेत माझ्याकडे बघायला लागली. भुवया उचलून, विनवत. मी सुरू करावं म्हणून.

ती हसताना सुंदर दिसते. तेव्हाही वाटलं मला.

मी उठलो. कॅमेऱ्याच्या पुढून गेलो, कोणीतरी दबक्या आवाजात शिवी घातली, मी थांबलो नाही. त्या स्टुडिओचं दार वीतभर जाड आहे, दोन्ही हातांनी ओढावं लागतं. बोटभर फट राहिली तोवर तिचं हसू ऐकू येत होतं. मग मी बाहेर होतो, आणि दार लावून घेतलं.